बर्फ म्हणजे पाणी नव्हे

बर्फ म्हणजे पाणी नव्हे, असं माझ्या मायचं ठाम मत होतं. बर्फ हातात धरता येतो, चावता येतो, फडक्यात बांधता येतो. पाण्याचं यातलं काही करून दाखव म्हणायची. मी करमाडच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. दरवर्षी स्थायू, द्रव, वायू फळ्यावर लिहिते, बशीत बर्फाचा खडा ठेवून पोरांना तो वितळताना बघायला लावते, आणि तास संपायच्या आत शेवटच्या बाकावरचं झोपाळू पोरगंसुद्धा मान्य करतं की रूप बदललं तरी द्रव्य तेच राहतं. हे एवढं साधं मला माझ्या मायला शेवटपर्यंत पटवता आलं नाही. आणि तिचा जीव नेमका याच एका धड्यावर टांगलेला होता.

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालायचं. लघवी जवळजवळ बंदच होती, त्यामुळे पोटात गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. ते अंगातच साचायचं. आधी पायांवर सूज, मग डोळ्यांखाली, आणि तरीही पीत राहिलं तर फुप्फुसात. हृदयही तिचं आधीच थकलेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं की या आजाराचे बरेच पेशंट आजारानं कमी आणि पाण्यानं जास्त जातात. सकाळी एक छोटी बाटली भरून ठेवायची, दिवसभराचं पाणी तेवढंच, बाटली संपली की पाणी संपलं. चहा, वरण, ताक, सगळं त्यातूनच वजा करायचं.

मला वाटलं, हे काय अवघड आहे. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याची वाट बघण्यात अर्धं आयुष्य जातं. आलं की अख्खी गल्ली मोटारी लावून ड्रम, टाक्या, कळश्या, अगदी वरणाची पातेलीसुद्धा भरून ठेवते. पाणी पुरवून वापरायची आम्हाला सवय आहे. माय तर माझ्याहून काटकसरी. पण भांडी घासायचं पाणी पुरवणं वेगळं आणि घशाला पडलेली कोरड पुरवणं वेगळं, हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

त्यात एका नर्सनं चांगुलपणानं सांगितलं की फारच तहान लागली तर बर्फाचा बारीक खडा तोंडात धरा. झालं. मायनं त्याचा अर्थ असा लावला की बर्फ चालतो. मी शाळेतून यायचे तर फ्रीजमधला ट्रे रिकामा आणि बाटली भरलेली. माझ्या शहाणपणाची कमाल अशी की पहिले काही दिवस मी ती भरलेली बाटली बघून खूश व्हायचे. पाय सुजायला लागले तेव्हा विचारलं, तर माय म्हणाली, "पाणी कुठं पिले? बर्फ खाल्ला."

मग कळलं की यादी मोठी होती. ताक पाण्यात धरायचं नसतं कारण ते भाकरीबरोबर असतं. आंबील म्हणजे ज्वारी. टरबूज म्हणजे फळ. मी तिला म्हटलं, माय, टरबूज जवळजवळ सगळं पाणीच असतं, नुसतं लाल दिसतं. ती म्हणाली, तुझ्या शाळेत असंल, आमच्याकडं टरबूज म्हणजे टरबूज. मी चिडले. मी लवकर चिडते. चिडले की फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलते, आणि मायनं ते ऐकून घ्यावं अशी माझी अपेक्षा असते. ती कूस बदलून झोपायची.

पण या बाईला पाणी मोजून देणं म्हणजे काय, ते कळायला तिचं लहानपण सांगावं लागेल. माय पाचोडच्या अलीकडच्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी आमच्या लोकांना गावच्या विहिरीच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. कडेला घागर ठेवून थांबायचं, कुणाला तरी दया आली की तो शेंदून वरून ओतायचा. तहान लागली तर ओंजळ धरायची. पाणी वरून पडायचं. पडेल तेवढं प्यायचं, थांबलं की थांबायचं, अजून हवंय असं म्हणायचं नाही. हे ती फार क्वचित सांगायची, आणि सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही यायचं नाही. कोरड्या वर्षाबद्दल सांगावं तसं सांगायची.

घरानं धम्म स्वीकारला तेव्हा तिच्या वडिलांनी पहिली गोष्ट केली ती ही, की दारात एक मोठा रांजण मांडला. त्यावर झाकण आणि झाकणावर एक ग्लास. ओगराळं नाही. कुणीही यावं, कुठल्याही जातीचं, आणि स्वतःच्या हातानं ग्लास बुडवून प्यावं. कुणी विचारायचं नाही, कुणी वाढायचं नाही, कुणी किती प्यालं ते बघायचं नाही. मायनं हा नियम सासरी नेला आणि माझे वडील गेल्यावर इथं माझ्याकडं आली तेव्हा आमच्या रो-हाऊसच्या दारातही नेला. इथं रांजणाचा माठ झाला, एवढंच.

मी अर्थातच लांब दांड्याचं ओगराळं आणलं. रस्त्यावरची माणसं येऊन माठात बोटं बुडवतात, त्यातून काय काय पसरतं, याचं व्याख्यान दिलं. मायनं ते ओगराळं खिळ्याला अडकवलं आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकलं. घंटागाडीवरच्या बाया, पार्सल घेऊन येणारी पोरं, गल्लीत भाजी विकणारे चाचा, सगळे थांबायचे, ग्लास बुडवायचे. माय पायरीवर बसलेली असायची. ती त्यांच्याकडं बघायचीही नाही, पण ग्लास बुडाल्याचा आवाज आला की तिचा चेहरा निवळायचा.

अशा बाईसमोर मी रोज सकाळी एक बाटली आणून ठेवत होते.

मशीन रक्ताचं काय करतं, हे एकदा सुया टोचलेल्या असताना तिनं मला विचारलं. घरी आल्यावर मी तिला वर्गात दाखवते तोच प्रयोग दाखवला. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा अलगद तळाशी सोडला. जांभळा धागा सुटला, वर चढला, फाटला, आणि बघता बघता सगळं पाणी गुलाबी झालं. मी ढवळलं नव्हतं. मी तिला सांगितलं की पाणी सलग दिसतं पण ते बारीक कणांचं असतं, इतक्या बारीक की दिसायची सोयच नाही. कणांमध्ये मोकळी जागा असते आणि कण कधी स्वस्थ बसत नाहीत. जिथं दाटी आहे तिथून ते जिथं मोकळं आहे तिकडं जातात. याला विसरण म्हणतात. मशीनमध्ये तुझ्या रक्तातलं विष असंच पलीकडच्या पाण्यात जातं.

मायनं ग्लास उचलून उजेडाला धरला. मग म्हणाली, "चांगलंच हाय की. कुणाला विचारत नायत."

मी म्हटलं, अगदी मोकळं नाही, मध्ये एक पडदा असतो, त्याला बारीक भोकं असतात. लहान कण जातात, रक्तातले मोठे कण अडतात.

"म्हणजे तिथंबी वेस हायच," ती म्हणाली. "कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला नाय."

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला हे म्हटलं नव्हतं. मी हसले, तीही हसली. मला त्या दिवशी खरोखर वाटलं की आता तिला समजलं, आता ती ऐकेल. संध्याकाळी तिनं टरबुजाची फोड मागितली.

मग मावशी आली. मायची धाकटी बहीण, गावाकडची, जीपनं पाचोड आणि तिथून एसटीनं इथं. तेव्हा मी शाळेत होते आणि माझा नवरा कंपनीत पहिल्या पाळीला. मावशीनं बहिणीचे सुकलेले ओठ बघितले आणि दारातल्या माठातून ग्लास भरून दिला. मायनं तो संपवला आणि दुसरा मागितला. मावशीनं दिला. पुढं किती दिले ते मावशीनं मोजलं नाही, कारण त्या घरात कुणाचं पाणी मोजायचंच नसतं, हे ती मायबरोबरच शिकली होती. संध्याकाळी मी घरी आले तर माय उशांना टेकून तोंडानं श्वास ओढत होती. छातीत घरघर वाजत होती. झोपवलं की गुदमरायची. रिक्षात मी तिला सरळ बसवून धरलं होतं, आणि ती माझ्या हाताला इतकं घट्ट धरून होती की नखं रुतली.

तिला आत नेऊन मास्क लावला, तातडीनं मशीन सुरू केलं, आणि मी बाहेर येऊन मावशीवर तुटून पडले. अडाणी म्हटलं. जीव घ्यायला आली होतीस का म्हटलं. कॉरिडॉरमधली माणसं बघायला लागली. मावशी भिंतीला टेकून सगळं ऐकत राहिली. माझं संपल्यावर ती हळू म्हणाली, "तहानलेल्या माणसाला मोजून पाणी? हे लोकं आपल्याला करायचे, बाई. तू आपल्या मायला करायलीस."

माझ्याकडं उत्तर होतं. किडनी, फुप्फुसं, हृदयावरचा ताण, सगळं मला पाठ होतं. पण मावशीनं किडनीबद्दल विचारलंच नव्हतं. मी बाकावर बसले आणि रागानं रडले.

त्या वेळी माय वाचली. घरी आल्यावर मी दारातला माठ उचलला, ओतून टाकला आणि गच्चीवर नेऊन पालथा घातला. तो दारात असेपर्यंत ग्लास तिच्या हाताच्या अंतरावर होता, दुसरा इलाज मला दिसत नव्हता. स्वयंपाकघराला कडी घालायला लागले. घंटागाडीवरची बाई दारापर्यंत आली, रिकामी तिवई बघितली आणि पुढं गेली. माय पायरीवरून ते बघत होती. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एवढंच म्हणाली की घाल कुलूप, विहिरीला घालत्यात तसं.

पुढचे महिने मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते नको वाटतं. सकाळी उठल्या उठल्या मी तिच्या नडगीवर अंगठा दाबायचे आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते बघायचे. भरायचाच नाही. शाळेच्या बसमध्ये डोळे मिटले की मला तिचे ओठ दिसायचे. नळ यायचा तो दिवस सगळ्यांत वाईट. गल्लीभर मोटारी सुरू व्हायच्या, पाइप फुरफुरायचे, ड्रममध्ये धो धो आवाज, कुणाची तरी टाकी भरून वाहायला लागायची. माय पायरीवर बसून ते ऐकत राहायची. एकदा शेजारच्या टाकीचं पाणी आमच्या दारावरून वाहत होतं आणि तिनं दोन्ही सुजलेले पाय त्यात ठेवले होते. मी म्हटलं, गार पाण्यात पाय नको ठेवूस. ती म्हणाली, "पायानंबी पिऊ नको म्हण."

मी तिथून आत गेले आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. मला तिला पाणी द्यायचं होतं. घागरभर द्यायचं होतं. मला तिचा राग यायचा, डॉक्टरांचा यायचा, मावशीचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त त्या बाटलीचा यायचा. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती भरायचेच.

वर्गात त्या सुमारास कणांमधल्या मोकळ्या जागेचा धडा आला. काठोकाठ भरलेला ग्लास घ्यायचा आणि त्यात चिमूट चिमूट मीठ हलक्या हातानं सोडत राहायचं. पोरांना वाटतं आता सांडेल. सांडत नाही. मीठ विरघळतं, त्याचे कण पाण्याच्या कणांमधल्या जागेत जाऊन बसतात. पोरं खूश होतात, मीही दरवर्षी होते. या वर्षी एका मुलीनं हात वर करून विचारलं, मॅडम, पण किती टाकलं की जागा संपते? चांगला प्रश्न होता. त्याला संपृक्त द्रावण नावाचं सरळ उत्तर आहे, पुढच्याच पानावर आहे. मी खडू खाली ठेवला. मी प्रयोगशाळेत जाऊन दार लावलं आणि फडकं तोंडात कोंबून रडले. माझ्या मायची जागा संपत आली होती, आणि ते मला अंगठा दाबून रोज कळत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिचं शरीर मशीन सोसेनासं झालं. डायलिसिस सुरू केलं की रक्तदाब कोसळायचा, डोळे फिरायचे, मशीन अर्ध्यात बंद करावं लागायचं. हातातली नस बंद पडली, मानेत नळी घातली, तिथं जंतू झाले. एका सकाळी डॉक्टरीणबाई मला त्याच कॉरिडॉरमध्ये घेऊन आल्या. वयानं माझ्याहून लहान. त्यांनी माझा हात धरला तेव्हाच मला समजलं. हृदयाला आता मशीन झेपणार नाही, म्हणाल्या. घरी न्या. श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून औषधं देते, तेवढं बघू.

मी विचारलं, "पाणी?"

"आता मागतील तेवढं द्या," त्या म्हणाल्या.

किती दिवस मी या वाक्याची वाट बघत होते. स्वप्नातसुद्धा ऐकलं होतं. ते असं, या कारणानं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी मान हलवली, बिलाच्या खिडकीकडं जायचं सोडून उलट्या बाजूला चालत गेले, आणि एका शिपायानं मला परत आणलं.

आम्ही मायची खाट दिवाणखान्यात, दारासमोर हलवली. मावशीला फोन केला, ती पहिल्या गाडीनं आली. आमच्यात त्या भांडणाचं कुणीच बोललं नाही. मी गच्चीवरून माठ आणला, घासला, भरला आणि तिवईवर मांडला. झाकणावर ग्लास ठेवला. मला वाटलं, माय बघेल आणि खूश होईल. मला दुसरं काही करता येत नव्हतं, हे तरी करावं.

दुपारी ती जागी झाली. मी ग्लास माठात बुडवून काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला. तिचे हात कापत होते म्हणून खालून आधार दिला. तिनं ग्लास ओठांपर्यंत नेला आणि थांबली. ग्लासाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग दारातल्या माठाकडं.

"आज नाय म्हणत नाहीस?" ती म्हणाली.

मी तिच्या पाठीमागची उशी सरळ केली.

"माठबी मांडलास."

तिनं ग्लास न पिताच मांडीवर ठेवला. पाणी हिंदकळून चादरीवर सांडलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या चेहऱ्यावर कधीच बघितलं नव्हतं, रिक्षात गुदमरत होती तेव्हासुद्धा नाही. माय भ्याली होती. डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, भरलेल्या ग्लासानं सांगितलं. इतके महिने मी रोज नाही म्हणत होते आणि तिच्या लेखी माझं ते नाही म्हणणंच ती जगणार असल्याची खूण होती. आज मी ते काढून घेतलं होतं.

मी तो ग्लास तिच्या हातातून ओढून घेतला.

"एवढा भरलाच कुणी?" मी नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं म्हणून काय काठोकाठ? मावशी, तू भरलास ना हा?"

मावशीनं चमकून माझ्याकडं बघितलं. तिच्यासमोरच मी तो भरला होता. तिनं तोंड उघडलं, बहिणीकडं बघितलं, आणि तिला समजलं.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच भरला. चुकलं, बाई."

"आणि माठ कुणाला विचारून खाली आणला? सगळ्या गल्लीला पाजा तुम्ही, पण हिला नाही. हिला अर्धाच. बाकीचा संध्याकाळी."

मी अर्धं पाणी मायच्या डोळ्यांदेखत कुंडीत ओतलं. अर्धा ग्लास तिच्या ओठांना लावला. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. ती घोट घोट करून प्याली, संपल्यावर रिकाम्या ग्लासात डोकावली, आणि बाटलीकडं बघायची तशाच नजरेनं माझ्याकडं बघितलं. माझा एवढा तिरस्कार करताना तिला बघून मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

"लई कडू हायस तू," ती म्हणाली.

"आहेच," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. जाताना मावशीच्या हातात बर्फासाठी रिकामी वाटी दिली, मायला दिसणार नाही अशी, आणि फ्रीजकडं बोट दाखवलं. मावशीनं मान हलवली. आत जाऊन मी मुद्दाम भांडी वाजवली, सिंकपाशी पाठ करून उभी राहिले. थोड्या वेळानं बाहेर कुजबुज ऐकू आली, मग मायच्या दातांखाली बर्फ फुटल्याचा आवाज. एक खडा, मग दुसरा. दोघी बहिणी लहान पोरींसारख्या दबक्या आवाजात हसत होत्या.

"काय खातेस गं माय?" मी आतूनच विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बर्फ हाय. पाणी नाय."

मी ओरडून सांगितलं की बर्फ म्हणजे पाणीच असतं, किती वेळा सांगू, आणि डोळे पुसून फ्रीजमधला ट्रे पुन्हा भरून ठेवला.